वाफेचा हिशेब : संगणकावर मांडलेले औष्णिक केंद्र

आपल्या गंगाखेड तालुक्याला लागूनच परळी वैजनाथचे औष्णिक विद्युत केंद्र आहे. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी हे केंद्र बंद ठेवावे लागले. वीज कोळशाची, मग ती पाण्यावाचून का थांबावी? या प्रश्नाचे उत्तर वाफेच्या हिशेबात आहे. हा हिशेब आता साध्या संगणकावर मांडता येतो. तो कसा मांडावा, हे प्रस्तुत लेखात पाहू.

औष्णिक केंद्रात पाणी चार यंत्रांतून फिरते. पंप पाण्याचा दाब वाढवतो. बॉयलर त्याची वाफ करतो. ती वाफ टर्बाइन फिरवते. शेवटी कंडेन्सर वाफेचे पुन्हा पाणी करतो. संगणकाच्या पडद्यावर या प्रत्येक यंत्रासाठी एक चौकट असते. चौकटी रेषांनी जोडायच्या आणि प्रत्येक रेषेवर दाब, तापमान व एक किलो वाफेतील उष्णता, म्हणजेच एन्थाल्पी, लिहिली जाते.

एक उदाहरण घेऊ. बॉयलरमधून १०० बार दाबाची व ५०० अंश सेल्सिअसची वाफ निघते. तिची एन्थाल्पी किलोमागे ३३७५ किलोज्यूल. कंडेन्सरमधील दाब ०.१ बार व टर्बाइनची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर बाहेर पडणाऱ्या वाफेत २२८२ उरतात. कंडेन्सरमधून निघणाऱ्या पाण्यात १९२ असतात आणि पंप त्यात सुमारे १३ ची भर घालतो. आता खतावणी पाहा :

जमा : बॉयलर ३१७० + पंप १३ = ३१८३
खर्च : टर्बाइन १०९३ + कंडेन्सर २०९० = ३१८३

ताळा जुळला. पंपाचे १३ वजा जाता निव्वळ काम १०८० झाले, म्हणजे बॉयलरमध्ये दिलेल्या उष्णतेच्या ३४ टक्के. बाकीची सुमारे दोन तृतीयांश उष्णता कंडेन्सरमधून बाहेर गेली.

परंतु ताळा जुळला म्हणजे हिशेब खरा, असे समजू नये. मूळ नोंदीच चुकीच्या असतील तर बेरीज बरोबर येऊनही खाते खोटेच राहते. येथे मूळ नोंद म्हणजे पाण्याचे व वाफेचे गुणधर्म. आदर्श वायूचे समीकरण या वाफेला लागू पडत नाही. शिवाय टर्बाइनच्या शेवटी वाफेत सुमारे १३ टक्के पाणी झालेले असते. १९७६ चे पेंग-रॉबिन्सन समीकरण तेल व नैसर्गिक वायूंसाठी उत्तम, पण पाण्यासाठी ते नव्हे. पाण्यासाठी १९९७ साली आंतरराष्ट्रीय स्तरावर ठरलेली आयएपीडब्ल्यूएस-आयएफ९७ ही वाफसारणीच निवडावी. चुकीची निवड केली तरी संगणक बहुधा तक्रार करीत नाही, निमूटपणे उत्तर देतो!

दुसरी दक्षता अशी की दोन सारण्यांची सरमिसळ करू नये. वाफसारणीत एन्थाल्पीचे शून्य ०.०१ अंशाच्या द्रवरूप पाण्याजवळ धरतात, इतर पद्धतींत ते अन्यत्र असू शकते. आरंभीची शिल्लक वेगळी असलेली दोन खातेपुस्तके एकत्र करून चालत नाही, तसेच हे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कंडेन्सरमधील २०९० किलोज्यूल नेण्यास थंड पाणी लागते. ते पाणी १० अंशांनी तापू दिले, तर एक किलो वाफेमागे सुमारे ५० किलो पाणी फिरवावे लागते. ते पाणी मनोऱ्यात पुन्हा थंड होते, पण बाष्पीभवनाने होते. एक किलो पाणी उडताना सुमारे २४०० किलोज्यूल नेते. म्हणून किलोभर वाफेमागे अर्ध्या किलोहून अधिक पाणी हवेत जाते. ही तूट धरणातून भरावी लागते. धरण आटले की केंद्र थांबते.

पाणी गरम असले तरी नुकसान आहेच. उन्हाळ्यात कंडेन्सरचा दाब ०.१ वरून ०.१५ बार झाला, तर आपल्या उदाहरणातील टर्बाइनचे काम १०९३ वरून सुमारे १०५१ वर येते. म्हणजे तेवढ्याच वाफेत जवळजवळ ४ टक्के वीज कमी. प्रत्यक्ष संचात वाफ पुन्हा तापवण्याची सोय असते, त्यामुळे आकडे बदलतील, दिशा मात्र हीच राहील.

हे सारे करून पाहण्यास महागड्या सॉफ्टवेअरची गरज नाही. 'डीडब्ल्यूसिम' हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे आणि आयआयटी मुंबईच्या 'फॉसी' प्रकल्पाने त्याचा देशभर प्रसार केला आहे. विद्यार्थ्यांनी केलेल्या मांडण्या तेथे तपासून प्रसिद्ध केल्या जातात. त्यात बॉयलरसाठी 'हीटर', कंडेन्सरसाठी 'कूलर' व टर्बाइनसाठी 'एक्स्पान्डर' ही चौकट घ्यावी. कार्यक्षमतेचा आधीच भरलेला आकडा तसाच न ठेवता स्वतः विचार करून भरावा.

प्रथम वरील उदाहरण वाफसारणी हाती घेऊन कागदावर सोडवा, नंतर संगणकावर मांडा. दोन्ही उत्तरे जुळली तर पुढे चला. न जुळल्यास चूक कोणत्या नोंदीत आहे ते शोधा. खरा अभ्यास त्या शोधातच होतो.