मोटारीच्या टांकींतील राखीव पेट्रोल

"गाडी रिझर्व्हला लागली" हे शब्द महाराष्ट्रांतील फारशा घरांत समजावून सांगावे लागत नाहींत. ज्या घरीं मोटार कधींच आली नाहीं तेथेंहि पुष्कळदां स्कूटर असे, आणि महिन्याच्या अखेरीस हे शब्द हटकून कानीं पडत. परंतु रिझर्व्हला "लागणें" म्हणजे टांकींत नेमकें काय घडतें असें विचारलें असतां अनेकांचें उत्तर ठरलेलें असतें: मोठ्या टांकीच्या बुडाशीं एक लहान टांकी असते, मोठी रिकामी झाली कीं लहान उघडावयाची. हें उत्तर ऐकावयास ठीक वाटतें. पण बहुतेक वाहनांच्या बाबतींत तें खरें नाहीं. लहान टांकी नसतेच. पेट्रोल एकच व टांकीहि एकच. निराळी असते ती केवळ पेट्रोल बाहेर नेणाऱ्या नळीच्या तोंडाची उंची. हा साधा भेद ध्यानांत आला म्हणजे जुन्या मोटारी चालविणारे लोक मोजमापाच्या कांट्यावांचून कसा निभाव लावीत, आणि पुढें कांटा व दिवा हीं दोन्ही आल्यावरहि माणसें वाटेंत अडकून कां पडत, याचा उलगडा होतो.

जेथें कांहींच सोय नव्हती तेथून आरंभ करूं. अमेरिकेंत 1908 पासून 1927 पर्यंत फोर्ड कारखान्यांतून 'मॉडेल टी' ही प्रसिद्ध मोटार निघत होती. पेट्रोल किती उरलें हें दाखविणारें यंत्र तिच्यांत नसे. तिच्या बहुतेक प्रकारांत टांकी पुढच्या बैठकीखालीं असे. पेट्रोल पाहावयाचें म्हणजे खालीं उतरावें, गादी उचलावी, झांकण काढावें आणि खुणा केलेली लांकडी पट्टी आंत बुडवून ती कोठवर ओली झाली तें पाहावें. विहिरीच्या पाण्याचा ठाव काठीनें घ्यावा तसाच हा प्रकार. ही पट्टी खोटें सांगत नसे हें खरें. पण गाडी चालत असतांना ती कांहींच सांगत नसे.

शिवाय या गाडींत पेट्रोल ओढून घेणारा पंप नव्हता. पेट्रोल आपल्याच वजनानें टांकींतून कार्ब्युरेटराकडे उतरे. कार्ब्युरेटर पुढें आणि टांकी मागें. त्यामुळें उभा चढ लागला व टांकींत पेट्रोल थोडें असलें, कीं गाडीचें तोंड वर होऊन कार्ब्युरेटर पेट्रोलाच्या पातळीहून उंच जाई आणि इंजिन बंद पडे. यावर चालकांनीं काढलेला उपाय मोठा मौजेचा होता. ते गाडी वळवून घेत आणि सारा चढ उलट्या चालीनें चढत! टांकींत पेट्रोल होतें, पण तें इंजिनास मिळत नव्हतें. "असणें" आणि "मिळणें" यांतील हें अंतर पुढेंहि आपणांस लागणार आहे.

1927 च्या अखेरीस आलेल्या 'मॉडेल ए' मोटारींत टांकी उचलून चालकाच्या पुढ्यांत उंचावर आणण्यांत आली, आणि आंतील फ्लोटाच्या हालचालीवरून पेट्रोलाचें मान चालकास बसल्या जागीं दिसूं लागलें. फ्लोट म्हणजे पेट्रोलावर तरंगणारें बूच किंवा पोकळ डबी. ज्या गाड्यांची टांकी पाठीमागें असे, त्यांत पुढें विजेचें साहाय्य घेण्यांत आलें. फ्लोटाचा दांडा वरखालीं होतांना त्याचें टोंक बारीक तारेच्या वेटोळ्यावरून सरकतें. त्यामुळें विजेच्या वाटेंतील अडथळा कमीअधिक होतो, आणि त्या मानानें समोरच्या तबकडींतील कांटा हालतो. ही युक्ति चांगली, पण तिला पैसा लागतो. स्वस्त मोटार बनवूं पाहणारांनीं म्हणूनच निराळी वाट धरली.

त्या वाटेचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जर्मनींतील फोक्सवॅगन कारखान्याची, पुढें 'बीटल' या नांवानें जगभर ओळखली गेलेली मोटार. दुसऱ्या महायुद्धानंतर लक्षावधि संख्येनें निघालेल्या या गाडींत पुष्कळ वर्षें पेट्रोलाचा कांटा नव्हता. 1961 सालीं तिच्या वरच्या दर्जाच्या प्रकारांत तो आला. तोंपर्यंत त्याच्या जागीं चालकाच्या पायांपाशीं एक लहानशी दांडी असे व ती पायाच्या टोकानें फिरवितां येई. तिच्या स्थिति तीन: बंद, चालू आणि राखीव. टांकी सुमारें 40 लिटरांची, आणि राखीव भाग सुमारें 5 लिटरांचा.

ही रचना कशी चाले हें कोणाहि विद्यार्थ्यास घरीं पाहतां येईल. एक रुंद तोंडाची बाटली घ्यावी. झांकणास दोन भोंकें पाडून दोन पोकळ नळ्या आंत सोडाव्या. एकीचें टोंक बुडाला जवळजवळ टेकलेलें असावें, दुसरीचें चार बोटें वर असावें. हवा आंत जाण्यास झांकणास तिसरें बारीक भोंक ठेवावें. आतां बाटली पाण्यानें भरून आंखूड नळीनें पाणी ओढून घ्यावें. पाणी चार बोटांवर आलें कीं नळींतून हवा येऊं लागेल आणि बाटली "संपली" असें वाटेल. त्याच वेळीं लांब नळी तोंडीं धरावी. पाणी पुन्हा येऊं लागेल. चालू स्थितींत मोटारीची तोटी आंखूड नळीनें पेट्रोल घेते, राखीव स्थितींत लांब नळीनें. एवढाच काय तो राखीव साठ्याचा सारा कारभार. (प्रयोग पाण्यानेंच करावयाचा, हें चतुर वाचकांस सांगणें नलगे, पण वर्गांत सर्वच वाचक चतुर असतात असा आमचा अनुभव नाहीं.) तोटी बसविलेल्या माठांतहि तळाचें पाणी असेंच मागें राहतें, आणि तें घेण्यासाठीं माठ कलता करावा लागतो.

आतां या रचनेचें मर्म पाहूं. कांटा चालकास कांहीं सांगतो. तोटी त्यास कांहीं सांगत नाहीं, ती त्यास अडविते. पस्तीस लिटर जाळून झाल्यावर इंजिन आचके देऊं लागतें. चालकाचें लक्ष असो वा नसो, तो बोलण्यांत गुंतलेला असो वा झोंपेनें पेंगत असो, हा निरोप त्याच्या अंगावर येऊन आदळतो. दांडी फिरविल्यावांचून गाडी पुढें जात नाहीं. आणि दांडी फिरविली त्या क्षणीं त्यास पक्कें ठाऊक असतें कीं, आपल्यापाशीं पांच लिटर आहेत. लिटरास बारा किलोमीटर धरले तर साठ किलोमीटरांची मजल. कांटा पाहून असा नेमका हिशेब करणें अवघड होतें, कारण पुष्कळ गाड्यांत तो "रिकामी" या खुणेवर येऊनहि टांकींत कांहीं लिटर शिल्लक असत, आणि ते किती हें गाडीगणिक निराळें.

तथापि या तोटीचे दोषहि लहान नव्हते. पहिला असा कीं, तिचा निरोप यावयाची वेळ आपल्या हातीं नसते. समोरून लॉरी येत आहे, आपण दुसऱ्या गाडीच्या पुढें जाण्यास बाहेर निघालों आहों, आणि नेमकें तेव्हांच इंजिन आचके देतें! दांडी फिरविली तरी पेट्रोल त्याच क्षणीं येत नाहीं. बीटलची टांकी पुढें आणि इंजिन मागें. मधल्या लांब नळींत शिरलेली हवा पंपानें ओढून बाहेर काढीपर्यंत जे कांहीं क्षण जात, ते अशा प्रसंगीं फार मोठे होत. म्हणून समजदार चालक मोकळ्या रस्त्यावर असतांनाच सावध राहत आणि चाललेल्या किलोमीटरांची नोंद ठेवीत.

दुसरा दोष माणसाचा आहे, तोटीचा नव्हे. पण आमच्या मतें तोच अधिक वाईट. राखीववर गेलेली दांडी पेट्रोल भरल्यावर पुन्हा "चालू" या स्थितीवर आणावी लागते. ती तशीच राहिली तर पुढच्या खेपेस लांब नळी मुकाट्यानें शेवटच्या थेंबापर्यंत पेट्रोल पाजते, आणि गाडी थांबते तेव्हां फिरवावयास दांडीच उरलेली नसते. ज्या पहाऱ्यावर आपण विसंबलों, तो पहारा आपणच पूर्वीं उठविलेला असतो. आपल्याकडील स्कूटरींच्या बैठकीखालचा पेट्रोल कॉक असाच तीन स्थितींचा होता, आणि स्कूटर ढकलीत पेट्रोल पंपाकडे निघालेल्या कित्येक गृहस्थांची कथा याहून निराळी नसे.

तिसरी गोष्ट गाळाची. पाणी पेट्रोलाहून जड. टांकींत दंवानें किंवा अन्य रीतीनें शिरलेलें पाणी आणि गंजाचा चुरा तळाशीं बसतो. आंखूड नळी त्यास स्पर्श करीत नाहीं. लांब नळी त्याच्याच शेजारीं उघडते. म्हणून वर्षानुवर्षें राखीव साठ्यास हात न लावणाऱ्या मनुष्यास तो नेमका गरजेच्या वेळीं दगा देण्याचा संभव असे. जुने कारागीर राखीववर मधून मधून थोडी गाडी चालवावी असें सांगत, तें याचमुळें.

तोटीऐवजीं दिवा बसविण्याची कल्पनाहि जुनीच. इंग्लंडांत 1950 च्या सुमारास निघालेल्या एम. जी. कारखान्याच्या 'टी. डी.' या दोन बैठकींच्या गाडींत पेट्रोलाचा कांटा नव्हता. सुमारें अडीच गॅलन, म्हणजे अकरा लिटरांच्या आसपास, पेट्रोल उरलें कीं समोर दिवा लागे. इटलींत 1957 सालीं निघालेल्या फियाट कारखान्याच्या चिमुकल्या 'नवी 500' या मोटारींतहि आरंभीं दिवाच होता; कांटा 1968 सालच्या 'एल' प्रकारांत आला. दिव्याची रचना अगदीं साधी: फ्लोटाचा दांडा ठराविक पातळीखालीं उतरला कीं विजेचीं दोन टोकें एकमेकांस चिकटतात आणि दिवा लागतो. त्यांत एक खोड अशी कीं, वळणावर पेट्रोल हिंदकळतें, त्याबरोबर फ्लोट नाचतो व दिवा डोळे मिचकावूं लागतो. पुढील काळांतील कित्येक गाड्यांत यावर सुंदर तोड काढण्यांत आली. टांकींत ठराविक उंचीवर थर्मिस्टर नांवाचा एक मणी बसविला जातो. तापला असतां विजेस त्याचा होणारा अडथळा पुष्कळ घटतो, हा त्याचा गुण. पेट्रोलांत बुडलेला असेपर्यंत पेट्रोल त्यास थंड ठेवतें. पातळी उतरून तो उघडा पडला कीं त्यांतून वाहणाऱ्या विजेनेंच तो तापतो, अडथळा घटतो आणि दिवा उजळतो. तापण्यास व निवण्यास वेळ लागत असल्यामुळें क्षणिक हिंदकळण्याची तो दखल घेत नाहीं.

घाटांतील भूल मात्र दिव्यास व कांट्यास दोघांनाहि होते, आणि ती गणितानें पाहण्याजोगी आहे. समजा, चौकोनी सपाट बुडाची टांकी गाडीच्या लांबीच्या दिशेनें 80 सेंटिमीटर आहे आणि सपाटीवर तिच्यांत 3 सेंटिमीटर खोल पेट्रोल उरलें आहे. गाडी दहास एक या मानाचा चढ चढूं लागली. पेट्रोलाचा पृष्ठभाग क्षितिजाशीं समांतर राहतो, बूड मात्र कलतें. सारें पेट्रोल मागें धांवतें. मागील टोकाशीं खोली सुमारें 7 सेंटिमीटर होते आणि पुढील जवळजवळ 11 सेंटिमीटर बूड कोरडें पडतें. फ्लोट मागील टोकाशीं असेल तर पेट्रोल दुपटीहून अधिक झालें असें तो कळवील. पुढील टोकाशीं असेल तर टांकी रिकामी झाली असें ओरडेल. अगदीं मध्यावर असेल तर पुष्कळसें खरें सांगेल. म्हणून फ्लोट शक्य तों मध्यावर बसविण्याचा प्रयत्न असतो. पण नळीचें तोंड कोठें आहे हा प्रश्न निराळाच राहतो. तें पुढील कोरड्या भागांत असेल, तर टांकींत पेट्रोल असूनहि इंजिन बंद पडेल. 'मॉडेल टी' ची जुनीच अडचण, निराळ्या वेषांत. मोटारसायकलची टांकी खोगिरासारखी दोहों बाजूंस लोंबते, आणि कॉक बहुधा एकाच बाजूस असतो. दुसऱ्या बाजूच्या खोलगट भागांतील पेट्रोल कॉकाकडे यावें म्हणून गाडी कॉकाच्या बाजूस आडवी कलती करणारा चालक हाच नियम वापरीत असतो, मग त्यास त्याचें नांव ठाऊक असो वा नसो.

आपल्या देशांत 1 एप्रिल 2020 पासून धुराविषयींचे बी. एस. 6 हे कडक नियम लागू झाले आणि त्यांबरोबर नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याच्या जागीं आलेल्या इंधन फवारण्याच्या यंत्रणेस सतत दाबानें पेट्रोल लागतें. तें पुरविणारा विजेचा पंप पुष्कळदां टांकींतच बुडवून ठेविलेला असतो, आणि भोंवतालचें पेट्रोलच त्यास थंड ठेवतें. अशा यंत्रणेस टांकी संपून इंजिनानें आचके देणें सोसत नाहीं; म्हणून तेथें दोन नळ्यांच्या कॉकास जागा राहिली नाहीं. उरला तो फक्त दिवा. तो लागल्यावर आपण काय करावयाचें हें सर्वस्वीं आपणांवर सोंपविलेलें असतें. फिरवावयास दांडी नाहीं, आणि अडविणारें कोणी नाहीं. तरीहि तो दिवा पाहून मागें बसलेला मनुष्य आजहि म्हणतो तें हेंच, कीं गाडी रिझर्व्हला लागली.