सेन्सर बदलण्याआधी व्होल्ट मोजा

पारनेरकडच्या एका पाझर तलावातला गाळ काढायचं काम होतं, गाळमुक्त धरण योजनेतलं. पाऊस लागला की काम बंद, मग थेट पुढचा उन्हाळा. आणि नेमकी तेव्हाच माझी वीस टनी पोकलेन दुपारी मान टाकायला लागली. सकाळी ठणठणीत. इंजिन तापलं की मॉनिटरवर लाल दिवा, आरपीएम आपोआप खाली, भरलेली बकेट उचलेना. किल्ली बंद करून पुन्हा फिरवली की ठीक. खाली टिपर उभे, गाळ न्यायला आलेले शेतकरी ट्रॅक्टर लावून बसलेले, आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही.

आमच्या ऑपरेटरने सुरुवातीलाच सांगितलं होतं, "शेठ, खोदताना कधीतरीच येतं. चेनवर चालवत दगडावरून नेली की हमखास येतं." हे मी कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरला जसंच्या तसं सांगितलं. त्याने मान वरसुद्धा केली नाही. लॅपटॉप लावला, एसपीएन १५७, एफएमआय ४ असा कोड वाचला आणि निकाल दिला: "रेल प्रेशर सेन्सर गेलाय." त्याच्याच खाली, त्याच वेळेला नोंदलेला दुसरा कोड होता, १०२, एफएमआय ४. म्हणजे बूस्ट प्रेशरचा. मी स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, मग हा कशाचा? "तो पहिल्यामुळे येतो साहेब, त्याकडे नका बघू."

नवा सेन्सर बसला, बिल झालं. दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. मग तो माझ्या डिझेलवर घसरला. वॉटर सेपरेटरची वाटी त्याच्यासमोर उघडली, पाण्याचा थेंब नाही. फिल्टर त्यांच्याच काउंटरवरून घेतलेले, पावत्या दाखवल्या. तेव्हा म्हणे हाय प्रेशर पंप बदलावा लागेल. तिथे मी ठाम नाही म्हणालो, आणि तो नकार किती योग्य होता ते पुढे दिसलंच. एवढ्या सगळ्यात त्याने मीटर बॅगेतून बाहेर काढला नव्हता. माझा राग त्याच्यावर आहे तो याच एका गोष्टीसाठी. चूक कुणाचीही होते, पण मोजायचंच नाही आणि दुसऱ्याच्या पैशाने अंदाज करत बसायचं, याला काय म्हणायचं?

कोड कुठल्या सर्किटमध्ये बिघाड आहे ते सांगतो, कुठला पार्ट गेला ते सांगत नाही. एसपीएन म्हणजे जागा, एफएमआय म्हणजे बिघाडाची जात. ३ आला तर व्होल्टेज प्रमाणाबाहेर जास्त, ४ आला तर कमी; दोन्ही वेळा आधी वायर, प्लग आणि सेन्सरचा पुरवठा बघायचा. १ किंवा १८ आला तर सिग्नल विश्वासार्ह आहे पण प्रेशरच खरोखर कमी पडतंय. तेव्हा फिल्टर, लाइनमधली हवा, लिफ्ट पंप आणि शेवटी हाय प्रेशर पंप. काही कंपन्यांच्या मॉनिटरवर स्वतःचे वेगळे कोड येतात, त्यांचा अर्थ सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. माझ्याकडे ४ होता आणि हा माणूस पंप विकत होता.

शेवटी शिरूरहून एक ऑटो इलेक्ट्रिशियन आणला. सगळे त्याला मामा म्हणतात. त्याने आधी ऑपरेटरला पुढ्यात बसवून सगळं विचारून घेतलं. मग दोन्ही कोड बघून म्हणाला, "दोन सेन्सर एकाच क्षणी मरत नाहीत. दोघांना पोसणारी वायर बघू." या इंजिनात रेल प्रेशर आणि बूस्ट या दोन्ही सेन्सरांना ५ व्होल्टचा पुरवठा एकाच लाइनवरून जातो. ती लाइन कुठेही बॉडीला टेकली की दोन्ही सिग्नल एकदम पडतात.

मशीन त्याने मुद्दाम तापू दिली. मग इंजिन बंद, किल्ली चालू. बूस्ट सेन्सरच्या प्लगमध्ये मागच्या बाजूने बारीक पिन सरकवली, मीटर लावला: ५.०२. स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने तो हार्नेसवर हलके ठोकत पुढे सरकू लागला. इनटेक मॅनिफोल्डमागच्या क्लिपपाशी मूठ टेकली आणि आकडा ०.०३ झाला. केबिनमध्ये बझर वाजला. ऑपरेटर वरून ओरडला, "आले, दोन्ही आले!" क्लिप सोडली, तर आतलं रबर वाळून गळून गेलेलं, पत्र्याच्या धारेने वायरचं इन्सुलेशन कापलेलं, आणि तांब्यावर काळा डाग. माझ्या पैशाने बदललेल्या सेन्सरपासून हातभर अंतरावर.

खराब तुकडा कापून नवा जोड क्रिंप केला, वर हीटश्रिंक स्लीव्ह, मग कन्ड्युट आणि रबरवाली नवी क्लिप. नुसती टेप मारू देऊ नका. तेल आणि उष्णतेने ती सुटते. काढलेला जुना सेन्सर मामाने प्लगला जोडून पाहिला. शून्य प्रेशरला सिग्नल अर्ध्या व्होल्टच्या आसपास, जसा हवा तसा. पूर्ण प्रेशरची खात्री त्यावरून होत नाही, पण "गेलाय" म्हणावं असं त्यात काहीच नव्हतं.

इंजिनिअरला फोन केला तर म्हणतो, "चालू झाली ना साहेब, मग झालं तर." सेन्सरचे पैसे मागितले तर इलेक्ट्रिकल पार्ट परत घेत नाही, आणि वरून बाहेरच्या माणसाने हार्नेसला हात लावल्याची तक्रार!

ज्यांच्या मशीन आहेत त्यांनी एवढं करा. लाल दिवा लागला की कोड पुसू देण्याआधी सगळ्या कोडांचा वेळेसकट फोटो काढा. मशीन थंड असताना उभ्या उभ्या तपासून 'सगळं ओके' म्हणणाऱ्यावर विसंबू नका. अधूनमधून येणारा बिघाड तापवून आणि हलवूनच सापडतो. सेन्सरचा प्लग काढून ५ व्होल्ट येतात का बघा. येत नसतील तर त्या लाइनवरचे सेन्सर एकेक करून काढा. ज्याचा प्लग काढल्यावर व्होल्ट परत येतात, बिघाड त्याच सेन्सरमध्ये; सगळे काढूनही येत नसतील तर वायर तपासा. टेस्ट लॅम्प ईसीयूच्या, म्हणजे इंजिनच्या कंट्रोलरच्या, वायरींना लावू देऊ नका, डिजिटल मीटरच हवा. वायरला टोचून भोक पाडायचं नाही, तिथून गंज चढतो. ओहम मोजायचे तर आधी बॅटरी सोडायची. वेल्डिंग करतानाही बॅटरी सोडा, ईसीयूचे प्लग काढा. प्रेशर वॉशरचा फवारा प्लगवर मारायचा नाही. सर्व्हिसिंग वेळेवर करा, हे वेगळं सांगायला नको.

इंजिन चालू असताना रेलचा पाइप मात्र कुणालाही ढिला करू देऊ नका, कितीही अनुभवी असला तरी. तिथे शेकडो बार प्रेशर असतं, लोडवर हजाराच्या वर. ती धार कातडी फोडून डिझेल आत घुसवते. जखम टाचणीएवढी दिसली तरी थेट सर्जनकडे न्यायचं, दुखायची वाट बघायची नाही.

आणि जॉब कार्डवर सही करण्याआधी त्यावर पुरवठा किती व्होल्ट, ग्राउंड कसं, सिग्नल किती, हे लिहून मागा. रिकामं असेल तर सही करू नका, पार्टही बसवू देऊ नका. माझ्या जॉब कार्डची प्रत मी त्यांच्या विभागीय ऑफिसला पाठवली आहे. सेन्सर नेमका कुठल्या रीडिंगवरून खराब ठरवला, एवढंच विचारलंय. उत्तर अजून आलेलं नाही.