‘बाहेरचे’ कोण? अन्सार-मुहाजिर बंधुत्वाचा बोध

चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत ‘बाहेरचे’ हा शब्द वारंवार कानी पडतो. १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून परागंदा झालेल्या बंगाली कुटुंबांना शासनाने तेव्हाच्या अविभक्त चंद्रपूर जिल्ह्यात वसविले. १९८२ साली गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांतील त्यांची गावे आज त्या जिल्ह्यात आहेत. धानाची शेती करीत ही माणसे येथे रुजली. त्यांची नातवंडे येथेच जन्मली. तरीही त्यांना उद्देशून तो शब्द उच्चारला जातोच. कोळसा खाणींच्या पट्ट्यात तेलुगू व हिंदी भाषक कामगारांच्या वाट्यालाही तोच येतो. या प्रश्नाकडे श्रद्धावंताने कसे पाहावे?

इ.स. ६२२ मध्ये आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) व त्यांचे साथीदार मक्का सोडून मदीनेत आले. घरदार गमावून आलेले ते मुहाजिर आणि त्यांना आधार देणारे मदीनावासी ते अन्सार. पवित्र कुरआनने (सूरह अल्-हश्र : ९) अन्सारांची जी प्रशंसा केली आहे तिचा आशय असा, की ते आश्रयास आलेल्यांवर प्रेम करतात, त्यांना जे दिले जाते त्याविषयी मनात आकस ठेवीत नाहीत आणि स्वतः गरजवंत असूनही त्यांना अग्रक्रम देतात. यातील दुसरा गुण विशेष विचार करण्याजोगा आहे. निर्वासिताला जमीन वा घरकुल मिळाले की ‘आमच्या वाट्याचे गेले’ ही भावना शेजाऱ्याच्या मनात सहज उगवते. कुरआनने हृदयातील नेमकी हीच जागा दाखविली आहे.

परंतु हे बंधुत्व एकतर्फी नव्हते. अन्सारांनी आपल्या खजुरीच्या बागा मुहाजिरांत वाटून देण्याची तयारी दर्शविली, तेव्हा प्रेषितांनी (स.) ती मान्य केली नाही. बागांची मालकी अन्सारांकडेच राहिली; मुहाजिरांनी श्रम करावेत आणि फळांत वाटा घ्यावा, असे ठरले. काही अन्सारांनी वापरासाठी झाडे दिली होती. खैबरनंतर मुहाजिरांची स्थिती सुधारताच ती परत करण्यात आली. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना त्यांचे अन्सारी बंधू हजरत साद बिन रबीअ (रजि.) यांनी निम्मी संपत्ती देऊ केली, त्यांनी दुआ देऊन फक्त बाजाराचा रस्ता विचारला. आलेल्याने यजमानाच्या हक्काची बूज राखावी, हा यातील धडा आहे. आपल्या जिल्ह्यांत तो गोंड व माडिया बांधवांच्या संदर्भात लक्षात ठेवला पाहिजे. हे जंगल त्यांचे पूर्वापार घर आहे. लेखा-मेंढा गावाला २००९ मध्ये मिळालेला सामूहिक वनहक्क हा त्याचाच स्वीकार होय. निर्वासिताविषयी कणव बाळगताना आदिवासीच्या जमिनीवर डोळा ठेवणे हा न्याय नव्हे. व्यापारासाठी वा नोकरीसाठी येथे आलेल्या आपल्यातील कुटुंबांनाही हे तितकेच लागू आहे.

मग आलेल्याने आपला जुना मुलूख विसरावा काय? मदीनेत ज्वराने आजारी असताना हजरत बिलाल (रजि.) मक्केच्या दऱ्या व तेथील गवत आठवून व्याकूळ होत. प्रेषितांनी (स.) त्यांना दोष दिला नाही, मदीनाही आम्हाला मक्केइतकीच, किंबहुना अधिक प्रिय कर, अशी दुआ अल्लाहपाशी केली. घरात बंगाली बोलणारा वा दुर्गापूजेला गाव सजविणारा शेजारी या मातीशी बेइमान ठरत नाही. आठवण आणि आपलेपणा एका हृदयात नांदू शकतात.

एका मोहिमेत एका मुहाजिराने एका अन्सारी माणसास मारले. लगेच एकाने अन्सारांना, दुसऱ्याने मुहाजिरांना हाक दिली. ही दोन्ही नावे कुरआनने गौरविलेली, तरीही गट पाडण्यासाठी त्यांचा वापर होताच प्रेषितांनी (स.) ती हाक दुर्गंधीयुक्त ठरवून सोडून देण्यास सांगितले. सन्मानाचे नाव जर असे निषिद्ध ठरते, तर हिणविण्यासाठीच वापरलेल्या शब्दाचे काय?

आपणही कुठे ना कुठे ‘बाहेरचे’ असतो. याच दोन जिल्ह्यांतील हजारो मजूर मिरची तोडण्यासाठी तेलंगणात जातात. २०२० च्या टाळेबंदीत त्यांतील कित्येक जण रानावनातून पायी परतले. वाटेतल्या गावांकडून त्यांनी पाणी, भाकर आणि सन्मान यांचीच अपेक्षा केली असेल. तीच अपेक्षा आपल्या दारी येणाऱ्याची असते.

या महिन्यात प्रत्येक कुटुंबाने सूरह अल्-हश्रच्या ८ ते १० या आयती अर्थासह एकत्र वाचाव्यात. दुसऱ्या मुलखातून आलेल्या एका शेजाऱ्याच्या घरी जावे, त्यांच्या वडीलधाऱ्यांचे गाव कोणते होते ते आस्थेने विचारावे आणि ‘बाहेरचे’ हा शब्द आपल्या मुलांच्या तोंडी येणार नाही याची काळजी घ्यावी. अल्लाह आपणा सर्वांस सदाचरणाची सद्बुद्धी देवो. आमीन.