पोकलेनच्या आधी पोहोचणारे शास्त्र

दहावी-बारावीचे निकाल लागले की टिटवाळा, कल्याण आणि डोंबिवलीतील पालक समुपदेशकांपुढे दरवर्षी एकच प्रश्न ठेवतात: संगणक अभियांत्रिकी घ्यावी, की कृत्रिम बुद्धिमत्तेची नवी शाखा? सीईटीचे पर्सेंटाइल, कॅप फेऱ्या आणि व्यवस्थापन कोट्याची फी यांची माहिती कोणत्याही क्लासमध्ये मिळते, त्यामुळे तिची येथे पुनरुक्ती नको. गणिताची मनापासून ओढ असणाऱ्याने ती वाट अवश्य धरावी. परंतु शेजारच्या इमारतीतील मुलाने घेतली म्हणून, किंवा लग्न जुळवताना 'इंजिनिअर' शब्दाला वजन असते म्हणून जी शाखा घेतली जाते, ती पालकांच्या भीतीने निवडलेली असते आणि तिचे ओझे मात्र मुलाला चार वर्षे वाहावे लागते.

या गर्दीत ज्याची चौकशीही होत नाही ते क्षेत्र म्हणजे बचाव पुरातत्त्व, अर्थात बांधकामाने नष्ट होण्यापूर्वी जमिनीखालचे अवशेष शोधणे, त्यांची नोंद करणे आणि शक्य तेथे ते जागच्या जागी राखणे. टिटवाळ्याच्या परिसराला त्याची निकड आहे. कल्याणचे नाव कान्हेरीच्या शिलालेखांत आणि 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील ग्रीक नाविक मार्गदर्शिकेत येते. लोनाडला बौद्ध लेणी आहेत आणि जवळच्या चौधरपाड्याला शिलाहार राजा केशिदेवाचा शके 1161 चा शिलालेख मिळाला आहे. खुद्द टिटवाळ्याचे महागणपती मंदिर थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात तळ्याचा गाळ उपसताना सापडले, अशी परंपरा आहे. 1787 मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात नव्या कामासाठी पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचे शके 939 चे, म्हणजे इ.स. 1017 चे, ताम्रपट निघाले आणि पुढच्याच वर्षी त्यांचा अनुवाद कलकत्त्याच्या 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये छापला गेला. ताम्रपटावर अक्षरे असतात, म्हणून तो कोणालाही ओळखू येतो. खापरांचे तुकडे, राखेचा थर किंवा जुन्या जोत्याची माती तशी ओळखू येत नाही, आणि त्यांचा अर्थ तर त्या वस्तू कोणत्या थरात व कशाच्या शेजारी होत्या यावरूनच लागतो. थरांच्या या क्रमाला स्तररचना म्हणतात. पोकलेनने ती एकदा उलथली की संग्रहालयात नेऊन ठेवलेले खापरही फारसे काही सांगू शकत नाही.

जीवाश्मांची स्थिती याहून नाजूक आहे. मुंबईच्या वरळी भागातील खडकात सापडलेल्या बेडकांच्या जीवाश्मांचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी 1847 मध्ये प्रसिद्ध केले. लाव्ह्याचे दोन प्रवाह वाहण्याच्या दरम्यान जे पाणथळ गाळ साचले, त्यांच्या पातळ थरांत, म्हणजेच आंतरट्रॅपी थरांत, असे जीव टिकून राहिले. टिटवाळ्याभोवतीचा खडकही दख्खनच्या लाव्ह्याचाच आहे. परंतु असा थर पायाच्या खड्ड्यात उघडा पडला तर तो ओळखण्यास भूशास्त्र शिकलेली नजर लागते.

कायद्याचा आधार तोकडा आहे. 1958 चा प्राचीन स्मारकविषयक कायदा आणि त्याची 2010 ची दुरुस्ती संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामास मनाई करते व पुढील 200 मीटरमध्ये त्यावर नियंत्रण ठेवते. जे अजून सापडलेच नाही, ते या रेषांच्या बाहेर राहते. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली 10 रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, पण काम थांबेल या धास्तीने सापडलेले पुन्हा भरावात जाण्याचा धोका असतो. इंग्लंडमध्ये 1990 च्या नियोजन मार्गदर्शनाने खोदाईपूर्वीच्या पुरातत्त्वीय तपासणीची जबाबदारी विकासकावर आणली, आणि लंडनच्या क्रॉसरेल मार्गासाठी बेडलॅम दफनभूमीतील 3,000 हून अधिक सांगाडे शास्त्रशुद्ध नोंदीसह बाहेर काढले गेले. समृद्धी महामार्ग भिवंडी तालुक्यातील आमणेपर्यंत आला असताना आणि टिटवाळ्यात टॉवरमागून टॉवर उठत असताना आपल्याकडेही असा नियम हवा, आणि तो राबवण्यासाठी माणसे आधीपासून तयार हवीत.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर पुरातत्त्वाची पदव्युत्तर पदवी घेता येते; मुंबई विद्यापीठातही या विषयाचे शिक्षण मिळते. जीवाश्मांकडे वळणाऱ्याने मुंबईच्या सेंट झेवियर्स किंवा पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये भूशास्त्राची पदवी घ्यावी. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्याचे पुरातत्त्व संचालनालय, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, संग्रहालये आणि संशोधन संस्था येथे काम आहे, मात्र जागा मर्यादित आहेत, भरती अनियमित आहे आणि सुरुवातीची अनेक कामे प्रकल्पापुरत्या कंत्राटावर मिळतात, ही गोष्ट विद्यार्थ्यापासून लपवणे ही त्याची फसवणूक ठरेल. "यात पैसा किती?" हा प्रश्न पालकांनी जरूर विचारावा, परंतु अभियांत्रिकीची पदवी घेऊन वर्षानुवर्षे विषयाबाहेरची नोकरी शोधणाऱ्यांच्या बाबतीतही तो तितक्याच कठोरपणे विचारावा.

ज्या घरात पगार लवकर सुरू होणे अपरिहार्य आहे, तेथील विद्यार्थ्याने प्रथम स्थापत्य अभियांत्रिकी किंवा भूशास्त्राच्या पदवीवर नोकरी धरावी आणि पुरातत्त्वाचे शिक्षण नंतर घ्यावे. पायाचे नकाशे वाचता येणारा आणि मातीचे थरही ओळखणारा माणूस बांधकामाच्या जागेवर आज क्वचितच भेटतो.