आधी पाणी, मग ऊब

टोरांटोत घर घेतलंस, फार बरं वाटलं. बेसमेंटच्या उघड्या काँक्रीटला हिवाळ्याआधी झाकून टाकायची तुला घाई झाली असेल. पण बाळा, आत्याचं ऐक. निदान दोन मोठे पाऊस पडून जाऊ देत. भिंतीवर मिठासारखी पांढरी भुकटी दिसली, म्हणजे लोणा लागला, की समज, तिथून ओल झिरपते आहे. शंका असेल तिथे दोन फुटांचा चौकोनी प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटव आणि दोन-तीन दिवसांनी बघ. प्लास्टिकच्या मागे, भिंतीकडून थेंब असले तर पाणी मातीतून येतंय. वरून, खोलीच्या बाजूने असले तर घरातलीच वाफ गार पृष्ठभागावर जमते आहे.

मातीतून येत असेल तर एक डॉलरही आत खर्च करू नकोस. बाहेर जा. छताच्या कडेच्या गटरातली पानं काढ, छताचं पाणी खाली आणणाऱ्या पाइपाला जोड देऊन ते पाणी भिंतीपासून सहा फूट तरी लांब सोड, आणि भिंतीलगत माती टाकून बाहेरच्या बाजूला उतार दे. पुष्कळ घरांची ओल एवढ्यानेच जाते. आडवी भेग दिसली किंवा भिंत आत फुगल्यासारखी वाटली तर मात्र इंजिनिअरला दाखव, तिथे काटकसर नको.

आता उबेचं. दुकानात फायबरग्लासची गुलाबी गादी सर्वांत स्वस्त दिसेल. ती थेट काँक्रीटला लावू नकोस, हे मी अगदी कळवळून सांगते. आपल्या घरात रोज कुकर लागतो, डाळ उकळते, वरणभाताची वाफ घरभर फिरते. ती ओलसर हवा गादीतून आरपार जाते, गार काँक्रीटला लागून तिचं पाणी होतं आणि आतल्या आत बुरशी धरते. वरून भिंत छान दिसते, पण मुलं खोकत राहतात. जुन्या घरांत भिंतीच्या वरच्या अर्ध्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पांढरी गादी खिळ्यांनी ठोकलेली असते. तुझ्याकडे असली तर एक कोपरा उचलून मागे हात घालून बघ. हाताला ओल लागली तर ती काढून टाक.

गादीऐवजी फोमचे कडक बोर्ड लाव. ते काँक्रीटला चिकटून बसतात, हवेला मागे जायला वाव राहत नाही. पांढरा ईपीएस फोम इंचाला साधारण आर-4 इतका उष्णतारोध देतो, निळा किंवा गुलाबी एक्सपीएस आर-5. ईपीएस स्वस्त, आपल्याला पुरतो. हॅबिटॅट संस्थेच्या रीस्टोअर दुकानात चक्कर मार, उरलेलं बांधकामाचं सामान तिथे स्वस्तात मिळून जातं. गोंद मात्र फोमसाठीचाच घे, साधा गोंद फोम खाऊन टाकतो. सांध्यांना टेप, कडांना डब्यातला स्प्रे फोम. फोम उघडा ठेवायचा नाही, आगीला तो घातक. त्यावर अर्ध्या इंचाचं ड्रायवॉल हवंच, आणि ते जमिनीपासून अर्धा इंच वर, म्हणजे कधी पाणी आलं तर ड्रायवॉल ते वर शोषून घेणार नाही.

पैसे अगदीच थोडे असतील तर बेसमेंटच्या छताखाली, पायाच्या भिंतीवर जिथे घराची लाकडं टेकतात, ती पट्टी आधी कर. गार हवा तिथूनच शिरते. फोमचे तुकडे दोन लाकडांच्या मधल्या मापाने कापून बसव आणि कडा स्प्रेने बंद कर. फर्नेसच्या धुराड्याजवळ मात्र फोम नेऊ नकोस. त्यानंतर भिंतीचा जमिनीच्या वर डोकावणारा भाग घे, सर्वांत जास्त ऊब तिथून निघून जाते.

पाण्याचा पाइप बाहेरच्या भिंतीवर असेल तर फोम पाइपाच्या मागे लाव, पुढे नाही, नाहीतर जानेवारीत तो गोठून फुटेल. सरकारी अनुदान घ्यायचं असेल तर कामाला हात लावण्याआधीच चौकशी कर, बहुतेक योजनांत आधीची तपासणी लागते. ड्रायवॉल चढवण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा मोजपट्टी लावून फोटो काढून ठेव. वायर आणि पाइप कुठे आहेत ते पुढे कुणालाच आठवत नाही.

फोम कापायला लांब पात्याचा कटर लागेल. माझ्याकडे आहे, शनिवारी येऊन घेऊन जा.