लंचच्या टेबलावर नोकरी मागावी का?

प्रश्न : मी अमेरिकेत फायनान्समध्ये एमएस करतोय. विद्यापीठाच्या फायनान्स सेंटरतर्फे बँका, फंडांतल्या लोकांबरोबर लंच असतो. तिथे नोकरीचं कसं विचारावं?

उत्तर : विचारूच नका. बायोडेटा पुढे केलात की पाहुणा ‘वेबसाइटवर अर्ज करा’ म्हणून मोकळा होतो. त्याऐवजी त्याच्या कामाबद्दल बोला. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर तिचा वार्षिक अहवाल, म्हणजे तिथला ‘टेन-के’, आदल्या रात्री उघडा. निदान जोखमींचं प्रकरण तरी वाचाच. ‘व्याजदर उतरले तर तुमच्या विभागाचं काय होतं?’ असा एक नेमका प्रश्न साऱ्या गोड बोलण्याला भारी पडतो. आणि हो, घरून थोडं खाऊन जा. तोंडात घास असताना प्रश्न आला की पंचाईत. दुसऱ्या दिवशी आभाराचा दोन ओळींचा मेल पाठवा, त्यातच फोनवर बोलायला पंधरा-वीस मिनिटं मागा.

व्हिसाचा विषय आपणहून काढू नका, पण उत्तर तयार हवं : पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच काम करण्याच्या परवानगीचे, 12 महिने आणि अभ्यासक्रम ‘स्टेम’ (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असेल, तर आणखी 24 मिळू शकतात. फायनान्सचे सगळेच अभ्यासक्रम त्या यादीत नसतात. तुमचा आहे का, हे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात आजच विचारून घ्या.