एक भिंत, एकच फाइल

राइस मिलच्या बांधकामात एलिव्हेटरचा खड्डा चुकला की पुढचं सगळं चुकतं. तुमसर, मोहाडी, लाखनीकडे ज्यांनी मिलची कामं केली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. धान जमिनीखालच्या खड्ड्यातून बकेट एलिव्हेटरने वर चढतं, क्लीनरमध्ये पडतं, खाली येतं, पुन्हा दुसऱ्या एलिव्हेटरने वर जातं. त्यामुळे खड्डा, त्याच्या बाजूचा मशीनचा पाया आणि वरच्या स्लॅबमधलं भोक ही तिन्ही एका ओळंब्यात असावी लागतात. त्यातलं एक हातभर जरी सरकलं, तरी बाकीची दोन निरुपयोगी.

मी ज्या कामात होतो तिथे असंच झालं. मशीन पुरवणाऱ्यांनी आपला नकाशा दिला, त्यावरून आमच्याकडे मिलचा प्लॅन तयार झाला. तो प्लॅन स्ट्रक्चरल इंजिनिअरांकडे गेला. त्यांच्या ऑफिसात तो कॉपी करून त्यांच्या फाइलमध्ये पेस्ट झाला आणि त्यावर फुटिंगं आणि खड्डे आखले गेले. मधल्या काळात मालकांनी उसना तांदळाचं युनिट मोठं करायचं ठरवलं. मशीनवाल्यांनी एक एलिव्हेटर सरकवला आणि नवा नकाशा पाठवला. आमचा प्लॅन बदलला, पण स्ट्रक्चरल इंजिनिअरांच्या फाइलमधली पेस्ट केलेली कॉपी होती तशीच राहिली. साइटवर गेला तो फाउंडेशनचा प्रिंट. त्यावर तारीख ताजी होती, कारण दुसऱ्याच एका कॉलमची दुरुस्ती करून तो नुकताच काढलेला होता.

खड्ड्याच्या आरसीसी भिंती भरून झाल्यावर मशीन बसवणारी माणसं आली, त्यांनी टेप लावला आणि काम थांबलं. मिस्त्री आपला प्रिंट उघडून दाखवत होता. "कागदावर जसा होता तसाच खोदला जी साहेब," एवढंच तो म्हणत होता, आणि त्याचं बरोबर होतं. भंडारा हा तलावांचा जिल्हा. धानाच्या बांध्यांना लागून असलेल्या जमिनीत पावसाळ्यानंतर पाणी वरच असतं. म्हणून खड्ड्याचं वॉटरप्रूफिंग नीट केलेलं होतं. ते सगळं काँक्रीट चुकीच्या जागी पक्कं उभं होतं. शेवटी तो खड्डा बुजवून शेजारी नवा खोदावा लागला.

त्या दिवशी टेबलावर तीन ऑफिसांचे नकाशे पसरले होते, आणि प्रत्येक नकाशातला खड्डा काढला त्या दिवशी बरोबर होता. मला हीच गोष्ट आजही सगळ्यात महत्त्वाची वाटते. कुणाचा हलगर्जीपणा शोधून काही हाती लागलं नसतं. एकच खड्डा तीन फाइलींत तीनदा काढलेला होता, आणि एक बदलला की बाकीचे दोन आपोआप बदलतील अशी सोयच कुठे नव्हती. तेव्हापासून माझ्यासोबत काम करणाऱ्या प्रत्येकाला मी एकच नियम सांगतो: एक भिंत एकाच फाइलमध्ये काढायची. दुसऱ्या कुणाला ती हवी असेल तर त्याने ती जोडून घ्यायची, चिकटवून नाही.

ऑटोकॅडमध्ये यासाठी एक्सरेफ (एक्सटर्नल रेफरन्स) आहे. आपल्याकडची बहुतेक ऑफिसं ऑटोकॅड किंवा त्याच्यासारखं स्वस्तातलं सॉफ्टवेअर वापरतात, आणि एक्सरेफची सोय त्यांतही असते. तरी लोक कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही करतात, कारण एक्सरेफचा पहिला अनुभव वाईट येतो: पेनड्राइव्हवर फाइल दुसरीकडे नेली की जोडलेला प्लॅन गायब होतो आणि त्या जागी नुसता पत्ता लिहिलेला दिसतो. यावर उपाय सोपा आहे. जोडताना पाथ 'रिलेटिव्ह' ठेवायचा आणि कामाचं पूर्ण फोल्डर एकत्रच हलवायचं. बाहेर पाठवायचं असेल तर 'ई-ट्रान्समिट'ने गठ्ठा बांधायचा. 'अटॅच' आणि 'ओव्हरले' यांतला फरकही लक्षात ठेवावा. अटॅच केलेली फाइल पुढच्या फाइलमध्येही आपल्यासोबत जाते, ओव्हरले केलेली जात नाही. दोन जण एकमेकांच्या फाइली जोडून काम करत असतील तर ओव्हरलेच घ्यावा, नाहीतर गोल फिरणारा गुंता होतो.

मिलच्या कामात मी आता अशी वाटणी करतो. मोजणीची एक फाइल. ग्रिडची एक, आणि ती सगळ्यांना जोडलेली. प्रत्येक मजल्याच्या प्लॅनची एक. मशीनची एक, आणि तिला मशीन पुरवणाऱ्यांच्या नकाशाशिवाय कुणी हात लावायचा नाही. स्ट्रक्चरची वेगळी, विजेची वेगळी. प्रिंट काढायच्या शीटच्या फाइली सगळ्यात शेवटी, आणि त्यांत एकही भिंत काढायची नाही. फक्त जोडलेल्या फाइली, मापं आणि टायटल ब्लॉक. एका वेळी ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी फाइल एकालाच लिहिता येते, दुसऱ्याने उघडली तर ती 'रीड ओन्ली' उघडते. फाइली अशा वाटल्या की चार जण एकाच इमारतीवर एकाच वेळी काम करू शकतात, आणि कोणती फाइल कुणाची हेही आपोआप ठरतं. या वाटणीचा कागद आमच्याकडे भिंतीवर लावलेला असतो.

सगळ्या फाइलींचा शून्य बिंदू एकच हवा. आम्ही ग्रिडचा पहिला छेद शून्यावर धरतो. इथे मोजणीची फाइल नेहमी घोटाळा करते. भंडारा यूटीएमच्या 44 क्रमांकाच्या पट्ट्यात येतो आणि उत्तरेचा आकडा मीटरमध्येच तेवीस लाखांच्या पुढे जातो. सर्व्हेअरची फाइल मीटरमध्ये, आमची मिलिमीटरमध्ये. तशीच आणून हजारपट केली तर सगळं काम शून्यापासून इतकं लांब जातं की हॅच तुटतात, रेषा थरथरतात, स्नॅप लागत नाही. म्हणून सर्व्हेची मूळ फाइल तशीच जपून ठेवायची आणि सरकवून, फिरवून, माप जुळवून जोडायची ती तिची एक वेगळी प्रत. किती सरकवली, किती अंशांनी फिरवली, हे त्याच प्रतीत लिहून ठेवायचं.

आता लेयर. मिनिकॅडचं पुढे झालेलं व्हेक्टरवर्क्स आपल्याकडे क्वचितच दिसतं, पण त्यातली एक पद्धत मला फार पटते. तिथे प्रत्येक वस्तूला दोन ओळखी असतात: ती कुठे आहे ते लेयर सांगतो, ती काय आहे ते क्लास सांगतो. तळमजल्याची भिंत आणि पहिल्या मजल्याची भिंत यांचे लेयर वेगळे, पण क्लास एकच. क्लासची नावं आडव्या रेघेने जोडून गटही करता येतात, म्हणजे भिंतींचे सगळे प्रकार यादीत एकत्र बसतात. ऑटोकॅडमध्ये वस्तूला एकच ओळख मिळते, लेयरची. म्हणून मी 'कुठे'चं उत्तर फाइलवर सोपवतो आणि 'काय'चं लेयरवर. मजल्याचं नाव लेयरमध्ये घालायचं नाही. ते घातलं की प्रत्येक मजल्यागणिक लेयर वाढत जातात आणि शेवटी कुणालाच त्यांचा पत्ता लागत नाही. लेयरच्या नावांसाठी आयएसओ 13567 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, अमेरिकेतल्या वास्तुविशारदांच्या संस्थेची पद्धतही जगभर चालते. लहान ऑफिसाला त्यातलं सगळं लागत नाही. शाखा आणि वस्तू एवढी दोन अंगं नावात आली तरी पुरे, पण ती सगळ्यांनी एकसारखी लिहावीत. ती एकदा टेम्प्लेट फाइलमध्ये घालावी आणि प्रत्येक काम तिथूनच सुरू करावं.

रंग आणि जाडी वस्तूला द्यायची नाही, 'बाय लेयर' ठेवायची. ब्लॉक बनवताना आतल्या वस्तू शून्य लेयरवर ठेवाव्या, म्हणजे ब्लॉक ज्या लेयरवर ठेवाल त्याचं रूप घेतो. 'डेफपॉइंट्स'वर काहीही काढू नये. तो पडद्यावर दिसतो आणि प्रिंटवर येत नाही. त्यावर चुकून राहिलेला खिडकीचा सिल आम्ही एकदा साइटवर भिंत चढल्यावर शोधला आहे.

परवानगीच्या नकाशाचं आणखी वेगळं. डिसेंबर 2020 मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, आणि आता ऑनलाइन तपासणीत नकाशा माणसाआधी सॉफ्टवेअर वाचतं. ते ठराविक नावाच्या लेयरवरची बंद पॉलिलाइन शोधतं. प्लॉटची हद्द उघडी राहिली, किंवा खोली चुकीच्या लेयरवर गेली, की क्षेत्रफळ आणि सामासिक अंतरं चुकीची मोजली जातात किंवा नकाशा परतच येतो. यात एक मेख आहे. एक्सरेफ 'बाइंड' करून पाठवला तर लेयरच्या नावापुढे फाइलचं नाव आणि डॉलरची चिन्हं चिकटतात, आणि तपासणाऱ्या प्रणालीला ते लेयर ओळखताच येत नाहीत. बाइंडच्या खिडकीत 'इन्सर्ट' निवडला तर नावं स्वच्छ राहतात. माझा सल्ला असा की परवानगीची फाइल वेगळीच ठेवावी. तिच्यासाठी आपल्या रोजच्या लेयरांची नावं बदलू नयेत.

वैनगंगेकाठच्या कामात पूररेषेचा लेयर मी कुलूप लावूनच ठेवतो. निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेचं पाणी भंडारा शहरात शिरलं ते ज्यांनी पाहिलं, त्यांना या दोन रेषा नुसत्या तांत्रिक वाटणार नाहीत. प्रिंट गिचमिड दिसतो म्हणून पूररेषेचा लेयर बंद करणं आणि मग तो सुरू करायला विसरणं फार सोपं आहे. ती रेषा मोजणीच्या फाइलमध्येच राहावी, आणि कुणीही आपल्या प्लॅनमध्ये तिची नक्कल काढू नये. प्रत्येक साइट प्लॅनच्या शीटवर ती दिसलीच पाहिजे.

मराठी अक्षरांबद्दल थोडं सांगतो, कारण यात फार वेळ वाया जातो. गट क्रमांक, शिव, पांदण, शेजाऱ्यांची नावं मराठीत लिहावी लागतात. शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर खरं तर रोमन अक्षरांचाच असतो. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तो वाचता येत नाही. सिम्प्लेक्स, रोमन्स या एसएचएक्स फॉन्टांत देवनागरी नाहीच. युनिकोड फॉन्ट वापरावा, त्याची एकच टेक्स्ट स्टाइल टेम्प्लेटमध्ये ठेवावी, आणि बाहेर जाणारी प्रत पीडीएफमध्येच द्यावी.

फाइलच्या नावात 'फायनल' लिहायचं नाही. जोडलेल्या फाइलचं नाव बदललं की जोड तुटतो, म्हणून कामाच्या फाइलचं नाव शेवटपर्यंत एकच राहतं. कितवी सुधारणा आहे ते टायटल ब्लॉकमध्ये, आणि काय बदललं तिथे ढग काढून लिहायचं. प्रिंट बाहेर गेला की त्या दिवसाची पीडीएफ आणि डीडब्ल्यूजी तारखेच्या फोल्डरमध्ये जाते, पुन्हा कुणी तिला हात लावत नाही.

व्हॉट्सअॅपवरून साइटवर जाणाऱ्या फोटोंची मला अजूनही धास्ती वाटते. मिस्त्रीच्या फोनमध्ये जुना फोटो वर येतो आणि त्यावरून वीट चढते. आम्ही सुधारणेचा क्रमांक न दिसणारा एकही फोटो पाठवत नाही. नवा प्रिंट देताना जुना परत मागून घेतो आणि त्यावर लाल फुली मारतो. ठेकेदार कधी वैतागतात, पण देतात.

वीज गेल्यावरची काळजी वेगळीच. यूपीएसची बॅटरी दर हंगामाआधी तपासावी. ऑटोसेव्हची फाइल कुठे पडते ते प्रत्येकाला माहीत असावं, आणि '.बाक'चं एक्स्टेन्शन बदलून डीडब्ल्यूजी कशी करायची हेही. अचानक बंद पडलेल्या संगणकामागे कधी कुलपाची छोटी फाइल उरते आणि दुसऱ्याला वाटतं की कुणीतरी फाइल उघडून बसलं आहे. आधी सगळ्यांना विचारावं, मगच ती काढावी. रोज संध्याकाळी ऑफिसबाहेरच्या ड्राइव्हवर एक प्रत जाते.

आयटीआयमधून ड्राफ्ट्समन होऊन आलेली मुलं मापात पक्की असतात, रेषा सुंदर काढतात. दुसऱ्याच्या फाइलवर काम करणं मात्र त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. म्हणून नव्या मुलाला मी पहिल्या आठवड्यात काही काढायलाच देत नाही. रोज सकाळी त्याने एक्सटर्नल रेफरन्सेसची यादी उघडायची, प्रत्येक जोडलेल्या फाइलची तारीख वाचायची, रीलोड करायला हवी असं दाखवत असेल ती ताजी करायची आणि काय बदललं ते शेजारच्याला सांगायचं. आठवडाभरात तो स्वतःच विचारायला लागतो, "दादा, मशीनची फाइल काल रात्री बदलली, खड्डा बघितला का कुणी?" मग मी त्याला पहिला मजला देतो.